शेगडीबाईंची मर्जी

"आच जरा कमी कर," म्हणे! कशी करू? कोळशाच्या शेगडीला काय बटण असतं? खालचं दार अर्धं लोटायचं आणि वाट बघायची. तोवर वरचं करपून मोकळं. आच वाढवायची म्हणून नवा कोळसा टाकावा, तर आधी होती तीही पडते, धूर होतो, आणि बाई सावकाश, त्यांच्या सवडीने पेटतात.

त्यात कोळसा दमट निघाला की संपलंच. धग आधी त्यातलं पाणी उडवण्यात खर्च, मग उरलं तर आपल्या भांड्याला. जाळीत राख साचली की खालून हवा लागत नाही. सळईने खरवडलं की तीच राख उडून थेट पातेल्यात. पातेल्यांच्या बुडांबद्दल तर बोलायलाच नको.

पण खरा संताप येतो तो काम झाल्यावर. गरज असताना रुसणारे निखारे आता रसरसून लाल! थंडीत कुणीतरी म्हणतंच, "राहू दे आत, ऊब येईल, दार लावून घ्या." अहो, धूर दिसत नाही म्हणून काय झालं? निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला ना रंग ना वास, झोपलेला माणूस झोपेतच जातो. म्हणून शेगडी बाहेर. ऊब अंगणाला, कुडकुडणं आम्हाला.

आणि सकाळी राख काढायची कुणी? जो आधी उठेल त्याने. म्हणून हल्ली सगळे जागे असूनही डोळे मिटून पडलेले असतात.