शाळेत मदतनीस हवाय? आई मोकळीच असेल ना!

तुमचं मूल दिव्यांग आहे, शाळेत त्याला शूला न्यायला, डबा भरवायला, वर्गातून उठून गेटकडे धावलं तर मागे पळायला कुणीतरी हवंय, आणि तुम्हाला वाटतंय की शाळेत जाऊन सांगितलं की मिळेल. किती गोड. हा स्वभाव जपून ठेवा, पुढे लागणारे.

सगळ्यात आधी मुलाचे टक्के बघा. परीक्षेचे नाही हो, ते कोण विचारतंय, दिव्यांगत्वाचे. 40 च्या खाली चुकूनही जायचं नाही. खाली गेलात तर यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, मिळतं पण पांढरं, 40 ते 79 ला पिवळं, 80 पासून पुढे निळं. पांढरं कार्ड म्हणजे तुमच्या मुलाला त्रास आहे हे सरकारला मान्य आहे, पण काही द्यावं इतका नाही. म्हणून सिव्हिलला तपासणीच्या दिवशी मूल नेमकं शहाण्यासारखं वागणार नाही याची काळजी घ्या, रात्री उशिरापर्यंत जागवा, सकाळी उपाशी न्या, काय वाट्टेल ते करा, कारण एरवी अनोळखी माणूस दिसला की टेबलाखाली शिरणारं पोर त्या दिवशी डॉक्टरांना नमस्कार घालतं, नाव सांगतं, आणि तुम्ही कौतुकाने बघत असताना गेले पाच टक्के. लर्निंग डिसॅबिलिटी असेल तर आठ वर्षांच्या आत सर्टिफिकेट मागायला जाऊच नका. पहिलीतल्या पोराला अक्षरं उलटी दिसत असतील तर सांगा, बाळा जरा दम धर, तिसरीत बघू.

आता शाळेत जा. जाताना 2016 चा दिव्यांग हक्क कायदा पिशवीत असू द्या. कलम 16 म्हणतं की शाळेने भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आणि लागेल ती मदतही करायची, कलम 31 म्हणतं की 6 ते 18 वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत मोफत शिक्षण. (हे 31 वालं पुन्हा 40 टक्केवाल्यांनाच, म्हणून म्हटलं जागवा.) कायदा टेबलावर ठेवलात की मुख्याध्यापक चष्मा लावून अगदी आदराने वाचतात, चहा मागवतात, आणि मग हळूच विचारतात, "ताई, स्पेशल स्कूलमध्ये तो जास्त रमणार नाही का? आमची काही हरकत नाही, आम्हाला त्याचीच काळजी वाटते." काळजी हा शब्द आला की समजा मीटिंग संपली, चहा पिऊन घ्या.

काही पालक इथे विशेष शिक्षकांचा विषय काढतात. जरूर काढा. सुप्रीम कोर्टाने 2021 मध्ये प्राथमिकला 10 मुलांमागे 1 आणि वरच्या वर्गांना 15 मागे 1 विशेष शिक्षक असं प्रमाण सांगितलं, मग 2025 च्या मार्चमध्ये परत राज्यांना सांगायची वेळ आली की अहो आधी पदं तरी मंजूर करा. आपलं राज्य बाकी पुढे आहे, आपण 2024 मध्येच 4860 पदं मंजूर केली, केंद्रामागे एक. केंद्र म्हणजे एक शाळा समजू नका हां, आजूबाजूच्या बऱ्याच शाळा मिळून एक केंद्र. म्हणजे मॅडम तुमच्या शाळेत येणार, समजा, गुरुवारी. तेव्हा मुलाला गुरुवारीच शूला जायची सवय लावा. त्या मॅडमवर मात्र चिडू नका, वर्षानुवर्षं कंत्राटावर राबलेली माणसं आहेत ती, तुमच्या मुलाला शिकवायचं की स्वतःच्या नोकरीसाठी आझाद मैदानात बसायचं हे त्यांना आलटून पालटून करावं लागलंय. आणि तसंही त्या शिक्षिका आहेत, डायपर बदलणं त्यांच्या कामात बसत नाही, आणि ज्याच्या कामात बसतं तो माणूस तुमच्या शाळेत नाही.

पण नाराज नका होऊ, भत्ता आहे ना! समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेत मदतनीस भत्ता आहे. तो मुलाला शाळेत आणून सोडण्यासाठी, पोहोचल्यावर पुढच्या पाच तासांचं काय ते मुलाने आणि देवाने बघून घ्यायचं. मुलगी असेल तर वेगळा प्रोत्साहन भत्ता, महिन्याला 200 रुपये, वर्षातले 10 महिने. उरलेले दोन महिने ती दिव्यांग नसते.

प्रायव्हेट शाळेत असं काही नाही, तिथे शॅडो टीचर मिळते, वर्गात फक्त तुमच्या मुलाशेजारी बसून त्याला मदत करणारी. म्हणजे तुम्हीच शोधायची, तुम्हीच पोलीस व्हेरिफिकेशन करायचं, पगार तुम्ही द्यायचा, ती आजारी पडली की मुलाला घरी तुम्ही ठेवायचं, आणि फी पूर्ण भरायची कारण शाळा इन्क्लुझिव्ह आहे. माहितीपुस्तकात पहिल्याच पानावर तुमच्या मुलाचा फोटो येईल, तिथे शॅडो टीचरला कापलेलं असेल.

एवढं सगळं झाल्यावर तो खरा प्रश्न येतो. "आई काय करतात?" इथे फार जपून. नोकरी करते म्हणालात तर, "मग मुलाकडे लक्ष कोण देतं?" घरी असते म्हणालात तर झालंच, व्हरांड्यात तुमच्यासाठी खुर्ची ठेवली जाईल. बाबा काय करतात हे कुणी विचारल्याचं माझ्या ऐकिवात नाही. बसा त्या खुर्चीत. मोबाईल चार्ज करून न्या, पाण्याची बाटली, एक जास्तीची चड्डी. दिवाळीपर्यंत तुम्ही अर्ध्या वर्गाच्या नाड्या बांधत असाल, पोषण आहार शिजवणाऱ्या ताई सुट्टीवर गेल्या की भातही वाढत असाल, आणि सगळे म्हणतील की तुमच्यामुळे किती बरं झालं.

मग तपासणीला साहेब येतील. व्हरांड्यात तुम्ही दिसाल, मूल वर्गात शांत दिसेल, साहेब खूश होऊन रजिस्टरमध्ये लिहितील की विद्यार्थ्यास सहाय्य उपलब्ध, अतिरिक्त मदतनीसाची आवश्यकता नाही. त्यावर पालकांची सही लागते, पेन घेऊन ठेवा. पुढच्या वर्षी परत मागायचं असेल तर जूनमध्ये नवा अर्ज करा, सोबत सर्टिफिकेटची झेरॉक्स जोडा, दोन प्रती, मागच्या वर्षीची चालत नाही.