एका ड्रेन प्लगसाठी

टेक्सासमध्ये चार-पाच वर्षं काढली की मराठी माणूस एकतर ब्रिस्केट खायला लागतो नाहीतर पिकअप ट्रक घेतो. मी शाकाहारी, म्हणून ट्रक. 2006 चा, सेकंडहँड, आणि आजवर त्याच्या हौद्यातून गेलेला सगळ्यात जड माल म्हणजे इंडियन ग्रोसरीतली सोना मसुरीची पोती. तरी गिअरबॉक्सची काळजी अशी करतो की जणू रोज ऊस ओढतोय.

तर त्याच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल बदलायचं होतं. गिअरबॉक्स म्हणजे फोर-एल-सिक्स्टी-ई, जुनं खोड, मूळचा 1982 चा, तेव्हा 700 आर 4 म्हणायचे, मधे नाव बदललं आणि 1993 ला इलेक्ट्रॉनिक कंट्रोल आला तेव्हा शेवटी तो ई चिकटला. आता कुठल्याही इंजिनला खाली एक ड्रेन प्लग असतो, तो काढला की ऑइल खाली, विषय संपला. पण बऱ्याच ऑटोमॅटिकच्या पॅनला, म्हणजे खालच्या ऑइलच्या परातीला, प्लगच नसतो. ऑइल काढायचं म्हणजे अख्खा पॅन उतरवायचा, सोळा बोल्ट, तोही ऑइलने भरलेला, आणि तुम्ही त्याच्या खाली उताणे.

ह्यावर बाजारात उपाय आहे: ॲल्युमिनियमचा खोल पॅन. दोनेक क्वार्ट, म्हणजे साधारण दोनेक लिटर, ऑइल जास्त मावतं, बाहेरून फिन्स म्हणजे उभ्या पट्ट्या आहेत, आणि खाली चक्क ड्रेन प्लग. फिन्समुळे ऑइल थंड राहतं असं डब्यावर लिहिलेलं असतं, माझा त्यावर काडीचा विश्वास नाही, थंड करायचं काम रेडिएटरमधला कूलर करतो आणि ऑगस्टमध्ये इथली हवाच शंभर फॅरनहाइटच्या वर, ती कोणाला काय थंड करणार. मला फक्त प्लग हवा होता. म्हणजे पुढच्या वेळी पॅन उतरवायला लागू नये म्हणून ह्या वेळी पॅन उतरवायचा, असं ते एकूण.

सोसायटीच्या नियमात ड्राइव्हवेवर गाडी रिपेअर करायला बंदी आहे. ट्रक गॅरेजमध्ये पूर्ण मावत नाही. त्यामुळे तोंड आत, ढुंगण बाहेर, शटर अर्धवट, आणि आत मी स्टँडवर चढवलेल्या ट्रकखाली पुठ्ठ्यावर. गावाकडून बाबांचा व्हिडिओ कॉल चालू. बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेत.

"गिअर कोण टाकतं मग ह्यात?"

"बाबा, ऑटोमॅटिक आहे. आपोआप पडतात."

"मग ऑइल पण आपोआप बदलू दे की."

बोल्ट काढताना कळतं की शिफ्ट केबलचा ब्रॅकेट बरोबर पॅनच्या कडेवर आडवा आलाय, तो सोडवायचा, एक्झॉस्टच्या पाइपला कोपर घासत हात वर घालायचा. सगळेजण सांगतात की एका बाजूचे दोन बोल्ट ठेवा, बाकीचे काढा, पॅन हळूच कलेल आणि ऑइल एका कोपऱ्यातून ट्रेमध्ये पडेल. हळूच वगैरे काही नसतं. गॅस्केट इतक्या वर्षांनी असं चिकटलेलं की पॅन हलेचना, रबरी हातोडीने ठोकला तरी ढिम्म, आणि मग जेव्हा सुटला तेव्हा एकदम सुटला. थोडं ट्रेमध्ये, बरंचसं पुठ्ठ्यावर, आणि एक धार मनगटावरून बाहीत शिरून काखेपर्यंत. बाहेर आलो तर विसर्जन मिरवणुकीत पुढे नाचून आल्यासारखा लाल.

बायको दारात आली, बघितलं, म्हणाली, "अरे, रक्त आहे का ऑइल?" ऑइल म्हटल्यावर परत आत गेली.

फरशीवरच्या ऑइलसाठी इथे मांजराच्या शी-शूची माती टाकतात, स्वस्तातली, ती ऑइल चांगलं शोषते. आमच्याकडे मांजर नाही पण मातीची पिशवी आहे, पाहुण्यांना ह्याचा उलगडा होत नाही.

पॅनच्या तळाशी एक लोहचुंबक असतं. ते मात्र निवांत बघण्यासारखं. त्यावर राखाडी लोण्यासारखा लेप, बोटांत चोळला की रेशमासारखा लागतो, म्हणजे झीज नॉर्मल. धातूचे कण टोचले तर समजायचं खर्च मोठा आहे. टोचलं नाही. मी ते बोट कॅमेऱ्यासमोर धरलं, बाबा चष्मा वर करून म्हणाले "छान आहे", आणि तेवढ्या एका वाक्यात ते पूर्ण एसटीचे झाले.

मग फिल्टर. तो ओढला की वरून अजून एक लोटा ऑइल, हे कोणी सांगत नाही. त्याच्या मानेचं सील वरच राहतं, ते स्क्रूड्रायव्हरने उचकटायचं पण भोकाला ओरखडा येता कामा नये, डोळ्यात ऑइलचे थेंब, हात डोक्यावर, आणि शेजारचे आजोबा शटरखालून वाकून विचारतात, "काय, पार्टी आहे का आत?" खोल पॅनला फिल्टरही खोल लागतो, नाहीतर तो तळापर्यंत पोचतच नाही आणि वरचेवर हवा ओढतो.

बसवताना बोल्ट मिलिमीटरचे, टॉर्क म्हणजे आवळायचा जोर इंच-पाउंडात, ऑइल क्वार्टमध्ये, हा देश एकदाचं काय ते ठरवत का नाही. टॉर्क 97 इंच-पाउंड, म्हणजे फक्त अकरा न्यूटन मीटर, मनगटाने हलकेच. माझ्याकडचा पाना चाकांचे नट 140 फूट-पाउंडाने आवळणारा, त्याला इतकं हळुवार काही जमत नाही. छोटा पाना आजोबांनी दिला, आणि मग तो बरोबर वापरतोय का बघायला खुर्ची टाकून बसले.

ऑइल भरलं, इंजिन चालू, ब्रेकवर पाय ठेवून सगळे गिअर फिरवले, गरम झाल्यावर गिअर पार्कमध्ये टाकून डिपस्टिकने पातळी बघितली. बरोबर. खाली थेंब नाही. जुनं ऑइल डब्यात भरून पार्ट्सच्या दुकानात दिलं, ते फुकट घेतात.

रात्री बायकोने विचारलं पुढचं ऑइल कधी. म्हटलं जड वापर असेल तर 50,000 मैलांनी, नाहीतर लाखाने. तिने तांदळाच्या पोत्यांवरून हिशोब केला आणि म्हणाली, तोपर्यंत पोरगी ट्रक चालवायला लागेल, तीच काढेल तुझा प्लग. पोरगी सध्या बालवाडीत आहे.

मागच्या डिफरन्शिअललाही, म्हणजे मागच्या चाकांमधल्या गिअरच्या डब्यालाही, फिन्सवालं ॲल्युमिनियमचं कव्हर मिळतं, प्लगसकट. कार्टमध्ये टाकून ठेवलंय. ऑर्डर केली नाही, अकाउंट बायकोच्या नावावर आहे, मेसेज तिलाच जातो.