रिकाम्या डब्याची चित्रफीत आणि कोल्हापूर-मिरज मार्गाचे प्रवासी

गेले काही दिवस कोल्हापूर, जयसिंगपूर आणि सांगली परिसरातील व्हॉट्सअॅप गटांवर एक संदेश फिरतो आहे. त्याच्यासोबत वीस-पंचवीस सेकंदांची चित्रफीत आहे. कोल्हापूर स्थानकात पॅसेंजर उभी आहे, एका डब्यात एक प्रवासी उशाला पिशवी घेऊन आडवा झाला आहे आणि बाकीची बाकडी मोकळी आहेत. खालचा मजकूर थोडक्यात असा : कोल्हापूर-मिरज मार्गावरच्या पॅसेंजर रिकाम्या धावतात, तिकीट खिडकीवरची विक्रीही नगण्य असते, कोरोनानंतर प्रवासी परतलेच नाहीत, लोकांना एसटी, वडाप (भरले की सुटणाऱ्या खासगी प्रवासी गाड्या) आणि दुचाकी पुरते, या गाड्यांमुळे रेल्वेला तोटा होतो, तेव्हा कोल्हापूर-मिरज-सांगली लोकलची मागणी सोडावी आणि आहेत त्या पॅसेंजरही बंद करून मार्ग एक्स्प्रेस गाड्यांना मोकळा करावा. हा संदेश पुढे पाठवणाऱ्यांत या गाडीत कधी पाय न ठेवलेले लोक आहेत, तसे माझ्या ओळखीचे दोन पासधारकही आहेत. त्यांना तो पटावा याचे नवल वाटले, म्हणून एकेक दावा तपासून पाहतो.

पहिला दावा चित्रफितीचाच. तिच्यात फलाटावरच्या घड्याळात एक वाजून दहा मिनिटे झालेली दिसतात. तारीख आणि वार कुठेच दिसत नाही. रोजच्या ये-जा करणाऱ्यांची गाडी दुपारी एकला मोकळी असते, यात नवीन काही नाही. सकाळी भरून आलेला रेक, म्हणजे गाडीच्या डब्यांचा संच, संध्याकाळी पुन्हा भरून न्यायचा तर मधल्या वेळात त्याला कुठेतरी उभे राहावे लागते किंवा कमी प्रवासी घेऊन उलट फेरी करावी लागते. दुपारी एकची एसटीही अनेकदा अर्धी रिकामी असते, पण तिची चित्रफीत काढून कोणी आगार बंद करायला सांगत नाही.

त्यातही चित्रण झाले आहे ते कोल्हापूरला, म्हणजे जिथे रूळ संपतात त्या स्थानकात. गाडी सुटायला अवकाश असताना टर्मिनसवरचा डबा रिकामा दिसणारच. ही गाडी वाटेत भरते. गूळ मार्केट, वळिवडे, रुकडी, हातकणंगले, निमशिरगाव-तमदलगे, जयसिंगपूर आणि मग मिरज, अशा सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस किलोमीटरच्या वाटेवर एकाच जागेवर दोन-तीन माणसे बसून उठतात. कोल्हापुरात चढलेला गांधीनगरच्या कापडबाजारातला नोकर वळिवड्याला उतरतो, त्याच्या जागी बसलेली बाई हातकणंगल्याला उतरते आणि तिथे चढलेला विद्यार्थी मिरजेपर्यंत जातो. डोकी मोजायची तर प्रत्येक स्थानकावर चढणारे आणि उतरणारे मोजावे लागतात. एका स्थानकावर, एका क्षणी, एका डब्यात दिसलेली बाकडी ही प्रवासी-संख्या नव्हे.

सकाळी हातकणंगल्याच्या फलाटावर काय असते ते चित्रफीत काढणाऱ्याने पाहिलेले नसावे. इचलकरंजीला रेल्वे नाही. आठ-दहा किलोमीटरवरचे हे तिचे जवळचे स्थानक. शहराकडून आलेली सहाआसनी रिक्षा बाहेर रिकामी होते आणि गाडीचा आवाज आला की सगळा फलाट पिवळ्या रेषेपर्यंत सरकतो. गाडी पुरती थांबायच्या आत खिडक्यांतून जागा धरायला रुमाल पडतात, वह्या पडतात, आणि एकदा तर माझ्या मांडीवर जेवणाचा डबा येऊन पडला. त्याच्या मालकिणीने नंतर आत येऊन तो शांतपणे उचलला आणि "वाईच सरका की" म्हणत तिघांच्या बाकड्यावर चौथी जागा केली. गाडीचा हाच डबा दुपारी कोणाला झोपायला मिळत असेल तर सकाळच्या चौघांचे अस्तित्व त्याने पुसले जात नाही.

इथे लोकलच्या बाजूने लिहिणाऱ्यांनाही एक गोष्ट सांगायला हवी. नवरात्रात किंवा जोतिबाच्या चैत्र यात्रेला दारात लोंबकळणाऱ्या गर्दीचे फोटो टाकून "बघा, किती प्रवासी" म्हणणे हा त्याच चुकीचा दुसरा मासला आहे. ये-जा करणाऱ्यांची संख्या ठरवायची ती साध्या कामाच्या दिवसांवरून, आणि ते दिवसही निवडावे लागतात. राज्य सरकारी कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, त्यामुळे शनिवारी तो वर्ग कमी होतो, मात्र कॉलेजे आणि खासगी नोकऱ्या चालू राहतात; शुक्रवारी अंबाबाईच्या दर्शनाला येणारे मिसळतात; मे महिन्यात विद्यार्थी गायब होतात. या सगळ्यांची वर्षभराची सरासरी काढली की कामाच्या दिवसाची सकाळ तिच्यात विरघळून जाते आणि गाडीला आठ डबे हवेत की बारा हे त्या सरासरीवरून कळत नाही.

दुसरा दावा तिकीट खिडकीचा. रोज जाणारा माणूस रोज तिकीट काढत नाही. तो महिन्याचा किंवा तीन महिन्यांचा पास काढतो. महिन्यातून एकदा खिडकीवर आलेला पासधारक पुढचे पंचवीस-सव्वीस दिवस जातो आणि येतो, आणि या प्रत्येक फेरीच्या वेळी खिडकीपाशी कोणीच नसते. त्याशिवाय मोबाइल अॅपवर तिकीट काढणारे आहेत, जे खिडकीकडे वळूनही पाहत नाहीत. खिडकीसमोरच्या रांगेवरून फार तर अधूनमधून प्रवास करणाऱ्यांचा अंदाज येईल. म्हणजे जो वर्ग कामाच्या दिवसांची गाडी भरतो, नेमका तोच वर्ग या मोजणीतून निसटतो.

"कोरोनानंतर प्रवासी परतलेच नाहीत" हा तिसरा दावा सर्वांत जास्त लोकांना पटलेला दिसतो, कारण त्यात अर्धे सत्य आहे. मार्च २०२० मध्ये देशभरातील प्रवासी गाड्या थांबल्या. त्या टप्प्याटप्प्याने परत आल्या तेव्हा अनारक्षित पॅसेंजर सर्वांत शेवटी आल्या, मासिक पासही बराच काळ बंद होते, आणि ज्या गाड्या आल्या त्या "विशेष" म्हणून एक्स्प्रेसचे भाडे घेऊन आल्या. किमान भाडे १० रुपयांवरून ३० रुपये झाले. रुकडी किंवा वळिवड्यासारख्या जवळच्या स्थानकाहून पास नसताना रोज कोल्हापूरला येणाऱ्याचा हिशेब मांडून पाहा : जाऊन-येऊन २० रुपयांच्या जागी ६० रुपये, म्हणजे पंचवीस दिवसांचे ५०० ऐवजी १,५००. गाडी तीच, बाकडी तीच आणि समोरच्या गाडीसाठी क्रॉसिंगला थांबणेही तेच. हे वाढीव भाडे फेब्रुवारी २०२४ मध्ये मागे घेऊन किमान १० रुपये पूर्ववत करण्यात आले. तोवर जवळजवळ चार वर्षे गेली होती.

चार वर्षांत माणसाची रोजची वाट बदलते. ज्याने कर्जावर दुचाकी घेतली त्याचे हप्ते चालू असतात. ज्या मुलीने सांगलीऐवजी गावाजवळचे कॉलेज निवडले तिची पदवीसुद्धा झाली. तेव्हा २०१९ च्या मानाने कोणत्या गाडीला प्रवासी कमी दिसत असतील तर त्याचा अर्थ "लोकांना रेल्वे नको" असा लावणे म्हणजे दुकान बंद ठेवून, मग भाव तिप्पट करून, शेवटी गिऱ्हाईक नाही म्हणून फळी लावण्यासारखे आहे. भाडे पूर्ववत झाल्यानंतरच्या काळाची २०१९ शी तुलना कोणी केली तर ती ऐकण्याजोगी असेल. संदेशात ती नाही.

चौथा दावा एसटी, वडाप आणि दुचाकीचा. यातले एसटीबद्दलचे म्हणणे मी अंशतः मान्य करतो. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला आणि १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांना निम्मे तिकीट झाले. रेल्वेने मात्र ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च २०२० मध्ये काढली ती परत दिलेली नाही. त्यामुळे काही महिला आणि वृद्ध प्रवासी रेल्वेकडून एसटीकडे गेले असतील तर ते सरळ पैशांचे गणित आहे. परंतु नोकरीच्या वयाच्या पुरुषांना आणि कॉलेजच्या मुलग्यांना ही सवलत नाही, आणि जानेवारी २०२५ मध्ये एसटीचे भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढलेही.

शिवाय "पुरते" हा शब्द जपून वापरायला हवा. २०२१ च्या ऑक्टोबरअखेरपासून पुढच्या एप्रिलपर्यंत एसटीचा संप चालला. त्या महिन्यांत वडापवाल्याने मागितले ते भाडे दिलेले आणि मागच्या बाजूला अर्धे बाहेर उभे राहून गेलेले लोक अजून विसरलेले नाहीत. वडापला वेळापत्रक नसते. ते भरले की सुटते, आणि नऊच्या तासाला पोहोचायचे असेल तेव्हा नेमके भरत नाही. दुचाकीचे म्हणाल तर ज्याने गळीत हंगामात अंधार पडल्यावर हातकणंगले-जयसिंगपूर रस्त्याने गाडी चालवली आहे त्याला अधिक सांगण्याची गरज नाही. उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर उसाच्या शेंड्यांत बुडालेला, आणि समोरून येणाऱ्या मोटारीचा झोत डोळ्यांत. रोज हे करणारे शेकडो तरुण आहेत. त्यांची सोय झाली आहे असे म्हणणे मला जड जाते.

तोट्याचा दावा थोडक्यात निकालात काढता येईल. प्रवासी वाहतुकीचा तोटा हा रिकाम्या गाड्यांचा पुरावा नाही, कारण रेल्वेची प्रवासी वाहतूक देशभरातच खर्चापेक्षा कमी भाड्यात चालते. १०० रुपये खर्चाच्या सेवेसाठी प्रवाशाकडून सरासरी ५४ रुपये घेतले जातात, असे रेल्वेमंत्र्यांनीच डिसेंबर २०२४ मध्ये संसदेत सांगितले होते. मुंबईची लोकल, जिच्यात हात वर केला तर खाली घेता येत नाही, तीही तोट्यातच आहे.

आता शेवटचा दावा : लोकल मुंबई-पुण्याला शोभते, इथे एक्स्प्रेसला वाट मोकळी करून द्या. मुंबईशी बरोबरी कोणी शहाण्याने करू नये. तिथे दिवसाला तीन हजारांवर लोकलच्या फेऱ्या होतात आणि एक गाडी चुकली तर चार मिनिटांत दुसरी येते. आपल्याकडे एक चुकली तर पुढची काही तासांनी, आणि म्हणून ज्याची नोकरी वेळेवर अवलंबून आहे तो या गाडीवर भरवसा ठेवत नाही. संदेश लिहिणाऱ्याच्या मते प्रवासी कमी आहेत म्हणून फेऱ्या कमी आहेत. मला क्रम उलटा दिसतो, निदान सकाळच्या आणि संध्याकाळच्या वेळेपुरता. दुपारच्या एखाद्या फेरीला कमी डब्यांची गाडी लावावी असे कोणी सुचवले तर माझी हरकत नाही.

वाट मोकळी करण्याबद्दल मात्र तांत्रिक गैरसमज आहे. कोल्हापूर संस्थानाने बांधलेला हा मार्ग १८९१ मध्ये मीटरगेजवर सुरू झाला, १९७१ मध्ये ब्रॉडगेज झाला आणि अलीकडे त्याचे विद्युतीकरणही झाले; पण मिरज ते कोल्हापूर तो आजही एकेरी आहे. एकेरी मार्गावर समोरून येणाऱ्या गाडीला वाट द्यायला कोणाला तरी स्थानकात बाजूला घ्यावेच लागते. पॅसेंजर असली की तिला रुकडी किंवा हातकणंगल्याला क्रॉसिंगला उभी करतात आणि एक्स्प्रेस निघून जाते, म्हणजे वेळेची झळ आजही पॅसेंजरच सोसते. ती काढून टाकली तर दोन एक्स्प्रेसपैकी एक तिथेच उभी राहील. अडचण दुसऱ्या रुळाची आहे, आणि दुसरा रूळ पॅसेंजर बंद केल्याने पडत नाही.

पर्याय म्हणून संदेशात वंदे भारतचे नाव घेतले आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये कोल्हापूर-पुणे वंदे भारत सुरू झाली ती आठवड्यातून तीन दिवस, आणि कोल्हापूर सोडल्यावर ती रुकडीला थांबत नाही. रुकडीहून मिरजेच्या कॉलेजला जाणाऱ्या मुलीला आठवड्यातून सहा दिवस जायचे असते, आणि तिच्या पासावर त्या गाडीत चढताही येत नाही.