बातमी फ्रेमवर्कची नको, ब्राउझरची वाचा

आमच्या वेबसाईट बनवायच्या धंद्यात दर पंधरा दिवसांनी कुणीतरी कशाचा तरी, म्हणजे एखाद्या भाषेचा, लायब्ररीचा (तयार कोडच्या संचाचा) किंवा फ्रेमवर्कचा (साईट उभारायच्या तयार सांगाड्याचा) मृत्यू जाहीर करत असतं. जेक्वेरी गेली, पीएचपी गेली, आता रिअ‍ॅक्टचाही नंबर लागला म्हणे. लातूरमध्ये बसून मी ज्या साईट सांभाळतो (अडत दुकानं, पतसंस्था, शाळा, एक बियाणेवाला) त्यातल्या बहुतेक पीएचपीवर आहेत आणि ठणठणीत आहेत. त्यामुळं असल्या मयतीला जायचं मी बंद केलंय.

दोनच प्रकारच्या बातम्या नेमानं वाचतो. एक म्हणजे ब्राउझरमध्ये आपसूक काय आलं, आणि दुसरी, कुणाचं पॅकेज (दुसऱ्यानं लिहिलेला, आपण आयता वापरतो तो कोड) हॅक झालं. बाकीचं सहा महिने उशिरा कळलं तरी माझ्या एकाही गिऱ्हाइकाचं काही अडत नाही. आणि माझं तर ठाम मत झालंय की आपल्याकडच्या, म्हणजे मराठीत साईट करणाऱ्या माणसाच्या कामाच्या बातम्या या दोन कप्प्यांतच असतात.

पहिल्या कप्प्यातल्या बातमीला कुणी टाळ्या वाजवत नाही, कारण तिच्यावर कोर्स विकता येत नाही. पॉपअपचं घ्या. पानावर छोटी खिडकी उघडायची, मागचं पान धूसर करायचं, एस्केप दाबलं की खिडकी बंद व्हावी, टॅब दाबला तर फोकस मागच्या पानात पळू नये. एवढ्याशा कामासाठी आपण वर्षानुवर्षं लायब्ऱ्या ओढत आणल्या. एचटीएमएलमध्ये (पानाचा सांगाडा लिहायच्या भाषेत) त्यासाठी ‘डायलॉग’ नावाचा टॅग आहे. क्रोममध्ये तो २०१४ मध्येच आला होता. फायरफॉक्स आणि सफारीत यायला मार्च २०२२ उजाडला. आठ वर्षं रखडलेलं काम झालं, आणि माझ्या फीडमध्ये त्या आठवड्यात त्याबद्दल एक ओळ नव्हती. सीएसएसमधल्या (पानाचं रंगरूप ठरवणाऱ्या भाषेतल्या) ‘हॅज’चं तसंच. आतल्या चौकटीत टिक असेल तर बाहेरच्या अख्ख्या ओळीला रंग दे, हे आधी जावास्क्रिप्टशिवाय (ब्राउझरमध्ये चालणाऱ्या प्रोग्रामच्या भाषेशिवाय) जमायचं नाही. आधी सफारीत आलं, मग क्रोममध्ये, शेवटी डिसेंबर २०२३ मध्ये फायरफॉक्समध्ये. आता माझ्या कितीतरी फॉर्ममधली जावास्क्रिप्ट नुसती पुसून टाकता आली.

जेक्वेरीला नावं ठेवणाऱ्यांचा मला राग येतो, तेही सांगतो. जॉन रेसिगनं २००६ मध्ये ती आणली तेव्हा प्रत्येक ब्राउझर वेगळ्या तोंडानं बोलायचा. इंटरनेट एक्सप्लोररसाठी वेगळा कोड, बाकीच्यांसाठी वेगळा. त्या काळात तिनं आम्हाला जगवलं. १५ जून २०२२ ला मायक्रोसॉफ्टनं एक्सप्लोरर निवृत्त केला, तेव्हा तिचं मूळ कामच संपलं. काम संपलं म्हणून माणूस वाईट ठरत नाही.

नवं काही वापरायचं की नाही, हे मी ‘बेसलाइन’ नावाची मोजपट्टी बघून ठरवतो. एखादी सोय सगळ्या मोठ्या ब्राउझरांत आली की ती ‘नवी उपलब्ध’, आणि त्यानंतर ३० महिने झाले की ‘सर्वत्र उपलब्ध’. साधी गोष्ट आहे, पण वाद मिटवते. आमच्याकडं लोक म्हणतात, खेड्यातल्या माणसाचा फोन जुना, त्याला नवं काही चालणार नाही. फोन जुना असतो हे खरं, पण त्यातला क्रोम प्ले स्टोअरवरून अपडेट होत राहतो. अँड्रॉइड अगदीच म्हातारं झाल्यावर तेवढा थांबतो. जुन्या फोनला जड जातं ते ढीगभर जावास्क्रिप्ट. प्रोसेसर तोच बिचारा, त्याच्यावर तुम्ही चार बटणांसाठी दोन एमबी लादता आणि वर नेटवर्कला शिव्या देता.

आता मराठीचं, कारण खरी मजा तिथं आहे.

एका अडत दुकानाची जुनी साईट माझ्याकडं आली. मुनीमजी रोज दुपारी फोनवरून भाव भरायचे, आणि मधूनच एखाद्या दिवशी साईटवर सोयाबीनचा भाव शून्य दिसायचा. शेतकऱ्यांचे फोन सुरू: “काय हो भाऊ, आज सोयाबीन फुकटच घ्यायलात का?” मुनीमजी शपथेवर सांगायचे की मी बरोबर टाकलाय. आणि त्यांनी बरोबरच टाकलेला असायचा. फोनचा कीबोर्ड इंग्रजीवर असला की भाव नीट यायचा, मराठीवर असला की शून्य. पीएचपीमध्ये ‘५३२८’ हे देवनागरी अंक आकड्यात बदलायला सांगा, ते काही न बोलता शून्य हातात ठेवतं. (५३२८ हा २०२५-२६ चा सोयाबीनचा क्विंटलचा हमीभाव. मोंढ्यात (धान्यबाजारात) तो मिळतो का, हा विषय या पोस्टचा नाही, नाहीतर पोस्ट संपणार नाही.) जावास्क्रिप्ट निदान ‘हा आकडाच नाही’ असं तरी सांगतं. पायथन मात्र शहाणं आहे, ते देवनागरी अंक बरोबर वाचतं. त्या साईटवर ना कुठली एरर, ना लॉगमध्ये नोंद, फक्त शून्य.

दुरुस्ती एका ओळीची. युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या मानकात) ० ते ९ हे अंक ओळीनं मांडलेले आहेत, त्यामुळं प्रत्येक अंकाच्या क्रमांकातून शून्याचा क्रमांक वजा केला की झालं. ती ओळ आता माझ्या प्रत्येक फॉर्मच्या तोंडाशी असते. मोबाईल नंबर, पिनकोड, रक्कम, सगळीकडं. ‘फक्त ०-९ टाका’ असा लाल मजकूर दाखवून माणसाला परत पाठवणारे फॉर्म बघितले की डोकं फिरतं. त्यानं अंकच टाकलेत हो! वाचता तुम्हाला येत नाही.

उलट दिशेला तर एक ओळही नको. ब्राउझरमध्ये ‘इंटल’ नावाचा विभाग आहे, त्याला मराठी-भारत असं सांगून १२३४५६ दिला की तो ‘१,२३,४५६’ असं छापतो. अंकही देवनागरी आणि स्वल्पविरामही लाखाच्या जागी. पतसंस्थेला पावतीवर इंग्रजी अंक हवे असतात, तर त्याच सेटिंगला अंकपद्धतीचं एक शेपूट जोडायचं. यासाठी पॅकेज टाकलेली मराठी साईट मी अजूनही बघतो, आणि त्या पॅकेजमध्ये हजाराच्या गटानं स्वल्पविराम दिलेले असतात.

मग येतो ‘ऱ्या’. शेतकऱ्यांसाठी, व्यापाऱ्यांची, गिऱ्हाईक. आपली भाषा या अर्ध्या ‘र’शिवाय चार वाक्यं चालत नाही. तो साठवायच्या दोन रीती आहेत. एकात खाली टिंब असलेला ‘ऱ’, हलन्त आणि ‘य’. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त, मध्ये एक न दिसणारा जोडणारा वर्ण आणि मग ‘य’. पडद्यावर दोन्ही एकसारखे. संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द. एकानं एका कीबोर्डवर ‘शेतकऱ्यांसाठी योजना’ टाकलं, दुसऱ्यानं दुसऱ्या कीबोर्डवर तेच शोधलं, की उत्तर: काही सापडलं नाही. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करायची रीत) लावलं तरी हे दोन एक होत नाहीत, तपासून बघा. माझा नियम असा की डेटाबेसमध्ये जाताना सगळं पहिल्या रूपात बदलायचं आणि शोधाच्या पेटीतला शब्दही त्याच गाळणीतून काढायचा. हे कुठल्या कोर्समध्ये शिकवत नाहीत, आणि एआयला विचारल्याशिवाय ते आपणहून सांगत नाही.

जिल्ह्यांची नावं बदलली तेव्हाचा गोंधळ वेगळाच. २०२३ मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं, तिथं सॉफ्टवेअरचा फायदा झाला, १० वर्णांचे ७ झाले. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं तिथं ८ चे १७. लोकांना १० अक्षरं दिसतात, संगणक काना, मात्रा, हलन्त, जागा सगळं मोजतो. एका ठिकाणच्या छापील पावतीवर मी जिल्हा ‘छत्रपती संभाजीन’ असा बघितलाय. कुणीतरी कधीकाळी रकाना १५ वर्णांचा ठेवला, कारण तेव्हा मराठवाड्यातल्या आठही जिल्ह्यांची नावं त्यात आरामात मावत होती. दिसणारी अक्षरं मोजायची सोयसुद्धा आता ‘इंटल’मध्येच आहे, फायरफॉक्समध्ये ती एप्रिल २०२४ मध्ये आली आणि तेव्हापासून ती सगळीकडं चालते. एसएमएस पाठवणाऱ्यांनी तर हा हिशेब पाठच करावा. इंग्रजी संदेशात १६० वर्ण मावतात, मराठीत ७०. पतसंस्थेचं पूर्ण नाव, ‘नम्र विनंती’ आणि जिल्हा एवढ्यातच निम्मा संदेश संपतो.

दुसरा कप्पा, हॅकचा. इथं थोडक्यात सांगतो, कारण कथा दरवेळी तीच असते. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचं ११ ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकानं रागानं काढून घेतलं आणि जगभरच्या बिल्ड (पॅकेजं जोडून साईट तयार करायची कामं) आडव्या पडल्या. काम काय, तर शब्दाच्या डाव्या बाजूला जागा भरणं. आज तेच काम जावास्क्रिप्टच्या पोटातलं ‘पॅडस्टार्ट’ करतं, २०१७ च्या मानकापासून. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याहून मोठं झालं. चॉक, डीबग अशी पॅकेजं सांभाळणाऱ्याला एनपीएमच्या (जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या कोठाराच्या) नावानं बनावट मेल आला, टू-फॅक्टर अपडेट करा म्हणून. तो फसला, आणि आठवड्याला एकत्रित २०० कोटींहून जास्त वेळा उतरवल्या जाणाऱ्या १८ पॅकेजांत क्रिप्टोचे पैसे वळवणारा कोड शिरला. दोनेक तासांत पकडलं, नशीब. त्याच महिन्यात एनपीएमवर स्वतःहून एका पॅकेजातून दुसऱ्यात पसरणारा किडा सापडला. डिसेंबरमध्ये रिअ‍ॅक्टच्या सर्व्हर कंपोनंटमध्ये धोक्याच्या मोजपट्टीवर दहापैकी दहा गुणांचं भगदाड निघालं.

त्या मेलला फसलेल्या माणसाला मी हसणार नाही. फुकटात जगाचं ओझं वाहणारी ही माणसं आहेत. मला हसू येतं ते आपल्या पद्धतीचं. एक पोतं आणायला मोंढ्यात जायचं आणि मागं अख्खा ट्रक लागून येतो, त्यातल्या मालाचा धनी कोण हे कुणी विचारत नाही. मी सध्या लॉक फाईल (कुठल्या पॅकेजची नेमकी कुठली आवृत्ती, याची यादी) रेपोत, म्हणजे कोडच्या साठ्यात ठेवतो, सर्व्हरवर ‘इन्स्टॉल’ऐवजी ‘सीआय’ (त्या यादीप्रमाणंच पॅकेजं उतरवणारी आज्ञा) चालवतो, पॅकेजांच्या इन्स्टॉल स्क्रिप्ट बंद ठेवतो, आणि पीएनपीएममध्ये (पॅकेजं उतरवायच्या साधनात) नवी आवृत्ती ठरावीक काळ जुनी झाल्याशिवाय न घेण्याचं सेटिंग लावलंय. हे सेटिंग त्याच सप्टेंबरात आलं. आवृत्ती जरा शिळी झाली तरी चालेल, दोन तासांत पकडली जाणारी गोष्ट माझ्यापर्यंत पोचतच नाही.

एआयबद्दल एवढंच. मीही रोज वापरतो, खोटं कशाला बोलू. पण त्याला ‘संपर्क फॉर्म कर’ म्हटलं की ते सवयीनं रिअ‍ॅक्ट आणि तीन-चार पॅकेजं पुढं करतं. ‘फक्त साधं एचटीएमएल, पॅकेज नको’ हे बजावून सांगावं लागतं. कधी कधी तर ते अस्तित्वात नसलेल्या पॅकेजचं नाव सांगतं, आणि नेमकी तशी नावं नोंदवून आत विष भरून ठेवायची युक्तीही चोरांना सुचलेली आहे.

इकडं क्लासमधून फुलस्टॅक (साईटची पुढची-मागची दोन्ही बाजू) शिकून आलेली पोरं मुलाखतीला येतात. हुशार असतात, मेहनती असतात, लातूर पॅटर्नमध्ये घासून निघालेली. रिअ‍ॅक्टमधले हुक्स घडाघडा सांगतात. मग मी म्हणतो, बाबा, जावास्क्रिप्ट न वापरता एक फॉर्म सर्व्हरला पाठवून दाखव. शांतता. दोष पोरांचा नाही. त्यांना शिकवलं रिअ‍ॅक्टचा प्रकल्प सुरू करून देणाऱ्या क्रिएट-रिअ‍ॅक्ट-अ‍ॅपवर, ते फेब्रुवारी २०२५ मध्ये रिअ‍ॅक्टवाल्यांनीच मोडीत काढलं. फॉर्म टॅग १९९५ च्या एचटीएमएलमध्येही होता, आजही आहे. पुण्यात हिंजवडीला जायचं तर रिअ‍ॅक्ट लागतं, मान्य. मीसुद्धा एका मोठ्या डॅशबोर्डला तेच वापरलंय आणि तिथं ते शोभतं. पण आधी खालची जमीन तर बघा.

ब्राउझरला सगळं येतं असंही नाही. तारखांचं नवं ‘टेम्पोरल’ फायरफॉक्समध्ये २०२५ मध्ये आलं, राष्ट्रीय शक दिनदर्शिकाही ‘इंटल’ छापून देतं. पण अडत दुकानाला हवी असते तिथी. अमावास्येला सौदे बंद ठेवायची जुनी पद्धत कित्येक बाजारांत आहे, आणि साईटवर ‘उद्या बाजार बंद’ ही पट्टी आपोआप लागायला हवी असा मुनीमजींचा आग्रह. तिथी कुठल्याच ब्राउझरच्या पोटात नाही. गणिताचं एक पॅकेज सापडलं, त्याच्या मागं आणखी दहा होती. शेवटी मुनीमजींनीच पंचांगातून वर्षभराच्या अमावास्या काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवल्या, बारा-तेरा ओळी. त्या तशाच एका फाईलमध्ये टाकल्यात.