नवा अ‍ॅम्प्लिफायर घेण्याआधी जुना उघडून बघा

बाबांनी १९९३ साली घेतलेल्या अ‍ॅम्प्लिफायरचा डावा आवाज गेल्या पावसाळ्यात ये-जा करायला लागला. आवाजाचं बटण फिरवलं की खरखर, आणि पाठीमागे सतत एक बारीक घुमघुम. मी नव्यासाठी तीस हजार बाजूला काढले आणि दुकानं पालथी घातली.

एका दुकानात दोन मॉडेलं शेजारी लावून ऐकवली. महागडं लगेच आवडलं. मग मी मोबाइलवर आवाज मोजून दोन्हींची पातळी सारखी करायला लावली, तर फरक शोधावा लागला. जरासा मोठा आवाज आपल्या कानाला ‘जास्त चांगला’ वाटतो. दुकानात ऐकताना ही एवढी खबरदारी घ्याच.

शेवटी जुनाच उचलला आणि पुण्याच्या तापकीर गल्लीतल्या (इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातल्या) एका कारागिराकडे नेला. त्यांनी झाकण काढून दाखवलं: बटणात धूळ, स्पीकरच्या रिलेचे (आवाज स्पीकरकडे जोडणाऱ्या आपोआप स्विचचे) पॉइंट काळे पडलेले, पॉवर सप्लायमधले वीज साठवून सपाट करणारे दोन मोठे कॅपॅसिटर सुकलेले. आतला द्राव तीस वर्षांच्या उष्णतेनं आटतो, मग घुमघुम गाळली जात नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, रेक्टिफायरनंतर (एसीची डीसी करणाऱ्या भागानंतर) ती घुमघुम होते १०० हर्ट्झची. भीमसेनजींसारख्या पुरुष गायकाच्या तानपुऱ्याचा मंद्र पंचम (खालच्या सप्तकातला प) नेमका याच्या आसपास असतो! म्हणजे इतके दिवस मी तानपुऱ्यावर विजेचा थर चढवून ऐकत होतो. दुरुस्तीला अठराशे रुपये लागले. घरी येऊन ख्यालाची एक तबकडी लावली, तर डग्ग्याची घुमक वेगळी आणि तानपुरा वेगळा ऐकू आला.

वॅटच्या आकड्यांवर भांडणारे मित्र आहेत, त्यांच्यासाठी: ५० चे १०० वॅट केले तर वाढतात फक्त ३ डेसिबल. आवाज कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट ताकद लागते. तेच ३ डेसिबल ८६ ऐवजी ८९ डेसिबल सेन्सिटिव्हिटीच्या (म्हणजे तेवढ्याच ताकदीत जास्त मोठा वाजणाऱ्या) स्पीकरनं मिळतात. बारा बाय पंधराच्या हॉलमध्ये, शेजाऱ्यांचा विचार करून ऐकणाऱ्याला खरे ४०-५० वॅट रग्गड झाले. १९७८ मध्ये आलेला एनएडी कंपनीचा ३०२० अ‍ॅम्प्लिफायर कागदावर २० वॅटचा होता, आणि जगभर लोकांनी तो डोक्यावर घेतला. पीएमपीओचे (क्षणभराच्या कमाल ताकदीचे, जाहिरातीतले) हजारांतले आकडे तर वाचूच नका.

नवा घ्यायलाच हवा अशी कारणंही आहेत. ट्रान्सफॉर्मर जळलाय, आउटपुटचे ट्रान्झिस्टर मिळत नाहीत, स्पीकर ४ ओहमचे (कमी रोधाचे, जास्त करंट ओढणारे) आहेत आणि जुन्याला तो भार झेपत नाही, किंवा टीव्हीसाठी ऑप्टिकल (प्रकाशाच्या तारेतून डिजिटल आवाज घेणारी जोडणी) हवंय. तेव्हा जोडण्या बघून घ्या. यामाहाच्या ए-एस३०१ मध्ये तबकडीसाठी फोनो (रेकॉर्ड प्लेयरची जोडणी) आणि ऑप्टिकल दोन्ही आहे, वॅट ६०. सध्याचे चिपवाले छोटे क्लास डी (कमी तापणारे, कमी वीज वाया घालवणारे) अ‍ॅम्प्लिफायरचे डबेही मला मनापासून आवडतात. फक्त त्यांच्यावरचे वॅट बऱ्याचदा १० टक्के विकृतीला (म्हणजे आवाज फाटायला लागल्यावर) मोजलेले असतात आणि सोबतचा अडॅप्टर किती व्होल्ट-अँपिअरचा आहे यावर खरी ताकद ठरते, हे आधी तपासा.

वायरवर हजारो रुपये घालू नका. वीस फुटांपर्यंत अडीच स्क्वेअर एमएमची साधी तांब्याची वायर पुरते.

माझ्या उरलेल्या पैशांतून स्पीकरचे स्टँड आले आणि जाड सतरंजी आली. स्पीकर भिंतीपासून दीड फूट पुढे ओढले, त्यानं कोपऱ्यातला ढबढब आवाज गेला. बाकीचे पैसे नव्या स्पीकरसाठी साठवतोय, कारण कानाला मोठा फरक तिथेच पडतो.

कोणाला सल्ला हवा असेल तर जरूर विचारा. फक्त स्पीकरचं मॉडेल, खोलीची लांबी-रुंदी, तुम्ही किती लांब बसता आणि आत्ताच्या आवाजात नेमकं काय खटकतंय, एवढं आधी सांगा.