‘मार खाल्ला म्हणून सुधारलो’: हा दावा खरा नाही

व्हॉट्सॲपवर एक दावा पुन्हा पुन्हा फिरतो: ‘आम्ही पट्ट्याचा मार खाल्ला म्हणून वळणावर राहिलो. आता पोरांवर हात उगारायची सोय नाही, म्हणून ती दहावीतच बिअर पितात.’

‘आमच्या पिढीत मार होता, व्यसन नव्हतं.’ याचं उत्तर अमेरिकेतल्या त्याच काळच्या माणसांनी देऊन ठेवलंय. सॅन डिएगोमध्ये हजारो प्रौढांना बालपणाबद्दल विचारलं गेलं: घरात वारंवार ढकललं, थोबाडीत मारलं का? अंगावर वळ उठले का? आईला मारहाण व्हायची का? १९९८ मध्ये निष्कर्ष आले. उत्तरं देणाऱ्यांचं सरासरी वय पन्नाशीपुढचं, म्हणजे मोबाईल ऐकलाही नव्हता तेव्हा वाढलेली माणसं. चार किंवा जास्त प्रकारचे आघात सोसलेल्यांना दारूच्या व्यसनाचा धोका चौपटीहून अधिक होता. पुढे असंही दिसलं की आघात जितके जास्त, तितकी चौदाव्या वर्षापर्यंतच दारू सुरू होण्याची शक्यता जास्त.

‘आता मारतंय कोण?’ केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांतल्या मुलांचा अहवाल काढला. दर तिघांतल्या दोघांनी मार खाल्ला होता. घरात मारणारे बहुतेक आईवडीलच.

‘संगतीने बिघडतात.’ संगत असतेच. पण पोरगा रात्री अकरापर्यंत कट्ट्यावर का बसतो, हेही विचारा. दाराची कडी वाजली की ज्याच्या पोटात गोळा येतो, त्याला पहिला पेला मित्र देतो. त्या पेल्याने धडधड थांबते, झोप लागते, हे मात्र त्याला कुणी शिकवावं लागत नाही. माझ्या मते खरी गाठ इथेच बसते.

‘बाप प्यायचा, रक्तातच आहे.’ आनुवंशिकतेचा वाटा आहे, पण तेवढ्यावर भागत नाही. २००० साली व्हर्जिनियातल्या जुळ्या बहिणींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जिथे दोघींपैकी एकीचंच बालपणी लैंगिक शोषण झालं होतं, तिथे व्यसनाचा धोका तिलाच जास्त दिसला. आईबाप तेच, घर तेच.

‘मी मार खाल्ला, मी कुठे पितो?’ बरोबर, मार खाल्लेले सगळे पीत नाहीत. कुणाला आजीने पाठीशी घातलं, कुणाला एखाद्या सरांनी सांभाळलं. ते श्रेय पट्ट्याला देऊ नका.

तेव्हा मुलाच्या तोंडाला वास आला तर पट्टा काढू नका. आधी जेवू घाला, झोपू द्या. सकाळी शांतपणे विचारा, कधीपासून आणि कशामुळे. भीती घरातल्याच कुणाची असेल, तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन चोवीस तास फुकट लागते. शेजारच्यांनी फोन केला तरी चालतो.