जोन अर्डली कुठली म्हणायची?

२०२५च्या उन्हाळ्यात पहिलीपासून हिंदीचा प्रश्न पेटला, तेव्हा इथे स्कॉटलंडच्या अ‍ॅबर्डीनमध्ये आम्हा मराठी मंडळींच्या फोनवरही दुसरा विषय नव्हता. तिसरी भाषा म्हणून हिंदी आणणारे शासन निर्णय सरकारला २९ जूनला मागे घ्यावे लागले, आणि ते योग्यच झालं. पण वाद तिथे थांबला नाही. मराठी येत नाही म्हणून दुकानदाराला मारहाण केल्याचे व्हिडिओ फिरले आणि भाषेवरचं बोलणं बघता बघता माणसांवर घसरलं. हा इथला, तो बाहेरचा. घरच्या ग्रुपवर डोंबिवलीचा दादा आणि मी यावर अजून भांडतो आहोत, आणि प्रत्येक वेळी मी त्याला एका चित्रकर्तीचं नाव सांगते: जोन अर्डली.

विसाव्या शतकातले स्कॉटलंडचे मोठे निसर्गचित्रकार मोजायला बसलं तर पहिल्या दोन-तीन नावांत ती येते. जन्म मात्र इंग्लंडमधला, १९२१चा, ससेक्समधल्या वॉर्नहॅम गावी. वडील इंग्रज, पहिल्या महायुद्धात विषारी वायूने खचलेले. गाईगुरांचं शेत चाललं नाही, मनही सावरलं नाही. जोन लहान असतानाच त्यांनी जीव दिला. आई स्कॉटिश. ती मुलींना घेऊन आधी लंडनला राहिली आणि दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर ग्लासगोजवळ माहेरच्या माणसांत आली. १९४० साली जोन ग्लासगो स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाली, तेव्हा ती अठरा वर्षांची होती. म्हणजे सगळं बालपण दुसरीकडे गेलेलं. दादाच्या हिशेबाने ती बाहेरचीच.

तिने ग्लासगोत स्टुडिओ घेतला तो टाउनहेडमध्ये, भंगाराच्या दुकानावर. दाटीवाटीच्या चाळींची, गरिबांची वस्ती. लहान भावंडाला कडेवर घेतलेल्या मुली, खडूने रंगवलेल्या भिंती, ढगळ स्वेटर घातलेली तिरळ्या डोळ्यांची पोरं, हे सगळं तिने वर्षानुवर्षं काढलं. सॅमसन कुटुंबातल्या बारा भावंडांपैकी कितीतरी जणांची चित्रं आहेत. ती पोरं स्टुडिओत धुडगूस घालायची आणि ही त्या गोंधळातच रेखाटत बसायची. पुढे ती वस्ती पाडली गेली, बाजूने मोठा महामार्ग गेला. त्या गल्ल्यांत कशी माणसं राहायची हे आज ग्लासगोकरांना पाहायचं असेल, तर ससेक्समध्ये जन्मलेल्या या बाईच्या चित्रांकडेच यावं लागतं.

पण मला ओढ आहे ती तिच्या कॅटरलाइनची. अ‍ॅबर्डीनहून दक्षिणेला स्टोनहेवन ओलांडलं की थोड्याच अंतरावर, कड्याच्या माथ्यावर बुटक्या घरांची एक रांग दिसते. खाली लहानसं बंदर, धक्का, गोट्यांचा किनारा. पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला आजारपणातून उठत असताना मैत्रिणीने तिला इथे आणलं आणि ती इथेच अडकली. जे घर घेतलं त्यात वीज नाही, नळ नाही, जमीन मातीची. चित्रं घराबाहेर, उघड्यावर. कधी ग्लासगोत असताना मैत्रिणीचा फोन यायचा, समुद्र खवळलाय. की ही निघालीच. सगळे दारं लावून घेतात त्या वेळी ही किनाऱ्यावर उभी असायची, आणि वाऱ्याने बोर्ड उडू नये म्हणून तो दोरांनी बांधायची.

एडिनबराच्या राष्ट्रीय संग्रहात तिचं 'द वेव्ह' आहे, १९६१चं. जवळजवळ सहा फूट रुंद हार्डबोर्ड. लांबून पाहिलं तर करड्या-पांढऱ्या पाण्याची एक भिंत अंगावर येते. जवळ गेलं की रंगात खरखर दिसते, कारण रंगात वाळूखडे मिसळलेले आहेत. त्याच्या आदल्या वर्षीच्या 'सीडेड ग्रासेस अँड डेझीज, सप्टेंबर' या चित्रात तर गवताच्या खऱ्या काड्या आणि बियांचे तुरे रंगात रुतलेले आहेत. काही ठिकाणी काडीवरून ब्रश फिरलाय, काही ठिकाणी ती नुसतीच चिकटून राहिली आहे. मी त्या चित्रापुढे फार वेळ उभी राहते. निसर्गचित्र म्हणजे दिवाणखान्यात लावायचा शांत देखावा असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे एकदा पाहावं. तिने शेताचं चित्र काढताना शेत थोडं उचलून आणलंय.

शिवाय जागा बदलत नाहीत. तीच घरांची रांग, तेच सॅमन मासे पकडायच्या जाळ्यांचे खांब, दारामागचं तेच शेत; कधी बर्फात, कधी पेरणीनंतर, कधी पीक कापणीला आल्यावर. स्कॉटलंडचे जगप्रसिद्ध डोंगर आणि सरोवरं सोडून तिने हा एवढासा तुकडा धरला आणि शेवटपर्यंत सोडला नाही. शेवट फार लवकर आला. १९६३च्या ऑगस्टमध्ये स्तनाच्या कर्करोगाने ती गेली, बेचाळीस वर्षांची असताना. त्याच वर्षी रॉयल स्कॉटिश अकादमीने तिला पूर्ण सदस्यत्व दिलं होतं. तिची रक्षा कॅटरलाइनच्या किनाऱ्यावर विखुरली.

दादाचा यावर पहिला आक्षेप असा की तिची आई स्कॉटिश, भाषा इंग्रजी, कातडी गोरी. तिला आपलं म्हणण्यात स्कॉटलंडने कसलं मोठं मन दाखवलं? आक्षेप खोटा नाही. माझ्यासारखीला इथे जे प्रश्न विचारले जातात ते तिला कुणी विचारले नसतील. पण ती ज्या ग्लासगोत शिकली, तिथे युद्धकाळात पोलंडमधून निर्वासित झालेले ज्यू चित्रकार होते, यांकेल आडलर आणि जोसेफ हर्मन. हर्मनच्या रेखाटनांचा तिच्यावर ठसा आहे. स्कॉटिश म्हणून मिरवल्या जाणाऱ्या त्या रेषेत पोलंडहून आलेल्या माणसाचाही हात आहे. आणि आपल्याकडे तरी वेगळं काय झालं? उडुपीजवळच्या कट्टिंगेरी गावचे चित्रकार के. के. हेब्बार जे.जे. कलाशाळेत शिकले आणि मुंबईचेच झाले. त्यांना वगळून मुंबईच्या चित्रकलेचा इतिहास लिहून दाखवा.

२०१४ साली स्कॉटलंडने स्वतंत्र व्हावं का यावर मतदान झालं. याहून जिव्हाळ्याचा प्रश्न कुठल्या प्रदेशापुढे असू शकतो? त्यात मत देण्याची अट होती इथे राहण्याची. लंडनमध्ये राहणाऱ्या, एडिनबरात जन्मलेल्या माणसाला मत नव्हतं. भारतीय पासपोर्ट असलेल्या पण इथे राहणाऱ्या माणसाला, राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून, होतं. निकाल स्वातंत्र्याच्या विरोधात गेला, ४५ विरुद्ध ५५ टक्के. हरलेल्या बाजूला बाहेरून आलेल्यांवर खापर फोडता आलं असतं, आणि काही कुजबुज झालीही. पण २०२०मध्ये स्कॉटिश संसदेने मताचा हक्क आणखी वाढवला आणि कायदेशीर राहणाऱ्या सगळ्याच परदेशी लोकांना दिला. त्यावर मोठं काही मोडलं नाही.

आता दादाचा दुसरा मुद्दा, आणि तो जास्त वजनदार आहे. अख्ख्या स्कॉटलंडची लोकसंख्या पंचावन्न लाखांच्या आसपास, मुंबई महानगराची कोटींत. लोकलच्या दारात लटकून कामाला जाणाऱ्याला 'सगळे आपलेच' हे परदेशातून सांगणं सोपं आहे. मला हे मान्य आहे. भाषेच्या बाबतीत तर स्कॉटलंड हे अनुकरण करण्यासारखं उदाहरणच नाही, धडा घेण्यासारखं आहे. १८७२च्या शिक्षण कायद्यात गेलिकला, म्हणजे इथल्या जुन्या भाषेला, जागाच ठेवली नाही. मुलं इंग्रजीत शिकली, घरातली भाषा घरातच आटली, आणि आज शाळा काढून, वाहिनी चालवून, पाट्या दोन भाषांत लावून ती जगवण्याची धडपड चालू आहे. म्हणून पहिलीपासूनच्या हिंदीला विरोध करताना मी दादाच्या शेजारी उभी आहे. मराठी शाळा बंद पडू नयेत यासाठी तो जे ओरडतो ते अजून मोठ्याने ओरडायला हवं.

मात्र गेलिक बुडाली ती कॅटरलाइनला येऊन राहिलेल्या चित्रकर्तीमुळे नाही, शाळेच्या कायद्यामुळे. आपल्याकडेही मराठीचं नुकसान कोण करतं ते आधी नीट पाहू. वडापावच्या गाडीवरचा पोरगा करतो, की स्वतःची मुलं मराठी शाळेतून काढणारे आपण? त्या पोराला मराठी यायलाच हवी, यात शंका नाही. मी इथे आले तेव्हा अ‍ॅबर्डीनच्या लोकांची डोरिक बोली मला अक्षरही कळायची नाही. शेजारच्या आजीबाईंनी न कंटाळता पुन्हा पुन्हा बोलून ती माझ्या कानांत बसवली. प्रत्येक वॉर्डात संध्याकाळचे फुकट मराठी वर्ग का नाहीत, हा प्रश्न दादाने नगरसेवकाला विचारावा. मत मागायला दारात येतील तेव्हा तर नक्कीच.